नऊ फटींची जीप

गोंदिया जिल्ह्यात एखाद्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत, धानाच्या पोत्यांआड जीप उभी दिसली, तर आधी तिच्या तोंडावरच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. सात भरल्या तर ती बहुतेक वेळा नागरी वापरासाठी बांधलेली जीप. नऊ भरल्या तर मात्र थांबा. ती बहुधा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यासाठी तयार झालेली आहे. देवरीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या पडवीत येऊन थांबण्याआधी तिनं अर्धं जग ओलांडलेलं आहे.

‘बहुधा’ म्हणायचं, कारण जाळी बदलता येते. जीपमधलं जवळजवळ सगळंच बदलता येतं, आणि मला या गाडीचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते इथंच. ऐंशी वर्षांत इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, दिवे गेले, पत्रा गेला, नंबरप्लेट तीनदा बदलली, तरीही ती कोण आहे आणि कुणाकुणाकडे राहिली, हे बऱ्याच अंशी शोधून काढता येतं. गेलेला प्रत्येक भाग जाताना काहीतरी खूण ठेवून जातो.

युद्धकाळात ही जीप मुख्यतः दोन कंपन्यांनी बांधली. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँडनं साडेतीन लाखांहून अधिक, आणि फोर्डनं पावणेतीन लाखांहून अधिक. विलीजच्या गाडीचं नाव ‘एमबी’, फोर्डच्या गाडीचं ‘जीपीडब्ल्यू’. दोन्हींचा आराखडा एकच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, अशी सैन्याची अटच होती. रणांगणावर दोन मोडक्या जीपांतून एक धावती जीप उभी करता यावी, हा त्यामागचा हेतू.

मग आज ओळखायचं कसं? फोर्डनं आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवलं होतं. ऑइलचा आणि चिखलाचा थर रॉकेलच्या फडक्यानं पुसला की षटकोनी बोल्टच्या माथ्यावर ते इवलंसं वळणदार अक्षर वर येतं. ज्या लोखंडाकडे आपण पाना लावण्यापुरतंच बघतो, त्यावर हजारो मैलांवरच्या कारखान्याची सही निघते. मात्र दोन-चार ‘एफ’ सापडले म्हणजे गाडी फोर्डची ठरली, असं नाही. ते बोल्ट दुसऱ्या गाडीतून आलेले असू शकतात. खरा निवाडा चेसिस करते. पुढच्या जाळीच्या खाली, रेडिएटरजवळ, चेसिसच्या दोन लांब दांड्यांना जोडणारी आडवी दांडी असते. ती गोल नळीची असेल तर चेसिस विलीजची, आणि उलट्या ठेवलेल्या पन्हळीसारखी असेल तर फोर्डची. ही दांडी सहसा कुणी बदलत नाही.

त्यानंतर नंबर. फोर्डनं तो डाव्या बाजूच्या दांडीच्या वरच्या अंगाला थेट लोखंडात ठोकला, दोन्ही टोकांना एकेक चांदणी देऊन. विलीजनं चेसिसच्या आतल्या बाजूला छोटी पट्टी बसवली. ही पट्टी सहज निघते, हरवते, म्हणून विलीजची ओळख पटवणं जास्त अवघड. आणखी एक गंमत अशी की फोर्डच्या गाडीवर कारखान्यातून निघताना इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर एकच असायचा, विलीजच्या गाडीत ते साधारणतः जुळत नसत. त्यामुळे विलीजचे दोन नंबर वेगळे दिसले म्हणून इंजिन बदललेलं आहे असं लगेच म्हणता येत नाही. फोर्डचे वेगळे दिसले तर मात्र तसं म्हणता येतं.

शोध घेणाऱ्याला सगळ्यात जास्त आनंद रंग देतो. युद्धकाळातल्या अमेरिकी जीपच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना सैन्याचा नोंदणी क्रमांक रंगवलेला असे. तो ‘२०’ या आकड्यांनी सुरू होई, सुरुवातीच्या गाड्यांवर निळसर रंगात, नंतरच्या गाड्यांवर पांढऱ्यात. ब्रिटिश सैन्याकडे गेलेल्या जीपांचा क्रमांक इंग्रजी ‘एम’नं सुरू होई. नंतरच्या मालकांनी त्यावर रंग चढवले, पण बहुतेकांनी खालचा रंग खरवडून काढला नाही. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवायचा, बॉनेटच्या कडेचा वीतभर तुकडा निवडायचा आणि अगदी हलक्या हातानं फिरवत राहायचं. आधी अलीकडचा चकचकीत रंग जातो. मग लांबीचा फिकट थर, मग कुठला तरी जुना हिरवा किंवा करडा. त्याखाली सैन्याचा मंद, मातकट हिरवा लागतो. तिथं हात थांबवायचा. नशीब असेल तर त्या हिरव्यावर एखाद्या आकड्याची गोलाई दिसू लागते. आणखी चार वेळा जास्त घासलं तर ती कायमची जाते. इथं गडबड करणाऱ्याला दुसरी संधी नाही.

आकडा मिळाला तर गाडी कुठल्या सैन्याकडे होती ते कळतं. पण ती इकडे आलीच कशी? १९४२ नंतर ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीसाठी भारत हा दोस्त राष्ट्रांचा मोठा तळ झाला. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशाकडे रस्ता काढणाऱ्या अमेरिकी पथकांपासून देशभरच्या विमानतळांपर्यंत सगळीकडे जीप धावत होत्या. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीचा जन्मही त्याच युद्धातला, १९४० सालचा. युद्ध संपल्यावर एवढी वाहनं परत नेण्यात कुणालाच रस नव्हता. ती ‘डिस्पोजल’मध्ये, म्हणजे सैन्याच्या जादा मालाच्या विक्रीत, निघाली आणि नागरी हातांत आली. जंगल, नाले, धानाचे बांध आणि पावसाळ्यात बुडणारे रस्ते असलेल्या मुलखात चारही चाकांना जोर देणाऱ्या या गाडीचं काय मोल असेल, हे नवेगावबांध-नागझिऱ्याच्या वाटा पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

इथून पुढं नंबरप्लेटची गोष्ट सुरू होते, आणि ती गोंदियात जितकी रंगतदार तितकी महाराष्ट्राच्या फार थोड्या जिल्ह्यांत असेल. १९३९च्या मोटार वाहन कायद्यानं प्रत्येक प्रांताला अक्षरं वाटून दिली. हा सगळा भाग तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणून अक्षरं ‘सीपी’. १९५० साली त्या प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. १९८८चा नवा कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला आणि ‘एमएच’ मालिका आली. भंडाऱ्याला ३६ क्रमांक. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याचा क्रमांक ३५. म्हणजे १९४६ साली आमगावच्या एखाद्या माणसानं घेतलेली जीप त्याच पडवीत उभी राहिली असती, तरी तिनं तीन राज्यं आणि दोन जिल्हे पाहिले असते.

शोध घेणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. जुनी नोंद गोंदियाच्या आरटीओत सापडत नाही म्हणून हात टेकू नयेत. १९९९च्या आधीची वाट भंडाऱ्याकडे जाते, आणि फार जुनी वाट नागपूरकडे. आरसी बुकात मालकी बदलल्याच्या नोंदी असतात, इंजिन बदललं तर तेही कळवून नोंदवून घ्यावं लागतं. कागदावरचं इंजिन आणि गाडीतलं इंजिन वेगळं निघालं, तर मधल्या काळात कुणीतरी ते न कळवता बदललं, एवढा धागा हाती येतो. अर्थात कागद जे विसरतो ते माणसं सांगतात. ज्या मिस्त्रीच्या वडिलांनी ती जीप उघडली होती त्याला विचारा. आणि त्या घरातल्या जुन्या लग्नांचे फोटो पाहा. वरात जीपमधून निघाली असेल तर फोटोत नवरदेवाच्या फेट्याखाली, झेंडूच्या माळांमधून, नंबरप्लेट स्पष्ट वाचता येते. तारीख लग्नपत्रिकेवर असतेच.

हरवलेल्या भागांचाही हिशेब असाच लागतो. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र अँड मोहम्मदनं (१९४८पासून महिंद्र अँड महिंद्र) चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. या नागरी जीपांचं इंजिन युद्धातल्या जीपच्याच वंशाचं. त्यामुळे सैन्यातून आलेल्या जीपला सुटे भाग देशातच मिळू लागले. त्या जगल्या त्या यामुळे, आणि त्यांचे मूळ भाग गेले तेही यामुळेच. युद्धातल्या जीपचा गिअरबॉक्स टी-८४, नागरी जीपचा जास्त दणकट टी-९०. नऊ फटींच्या गाडीखाली टी-९० दिसला की समजावं, एखाद्या व्यवहारी मिस्त्रीनं शहाणपणाची अदलाबदल केलेली आहे. युद्धातल्या सगळ्या जीप डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. आज स्टिअरिंग उजवीकडे असेल तर चेसिसच्या डाव्या दांडीवर स्टिअरिंगच्या जुन्या बैठकीची भोकं शोधा. मूळ हेडलाइट तर बघण्यासारखे. ते बिजागरीवर बसवलेले असत, नट सैल केला की मागं उलटत आणि उजेड थेट इंजिनावर पडे. अंधारात दुरुस्ती करणाऱ्या सैनिकाचा केवढा विचार! ते दिवे पुढं कुणी काढून साधे बसवले असतील, तरी बिजागरीची जागा जाळीमागं राहते.

पेट्रोल परवडेना तेव्हा अनेक जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसली. त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, गाडी पोटासाठी राबत होती. पण आज त्याचा कायदेशीर परिणाम होतो. केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल न केलेली, नेहमीच्या किंवा धंद्याच्या कामासाठी न वापरली जाणारी दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो. डिझेल बसवलेल्या जीपला हा मान हवा असेल तर मूळ जातीचं पेट्रोल इंजिन पुन्हा शोधावं लागणार. ते कबाड्याकडे सापडू शकतं, मुंबईच्या कुर्ल्यात किंवा चोर बाजारात सापडू शकतं. कधी तर ते त्याच गावात शेतातल्या पंपावर आयुष्य काढून आता कोपऱ्यात गंजत पडलेलं असतं. म्हणून काढलेलं इंजिन कुठं गेलं, हा प्रश्न आधी घरच्यांना विचारावा.

तुमच्या घरी किंवा ओळखीत अशी गाडी असेल तर रंगाऱ्याकडे, डेंटिंगला किंवा भंगारात देण्याआधी एवढं करा. आरटीओच्या कामाला घेतात तसा चेसिस नंबरचा पेन्सिलनं घासून ठसा घ्या. इंजिनाचा नंबर ऑइल फिल्टरजवळच्या सपाट जागेवर असतो, तो टिपा. डॅशबोर्डवरच्या पितळी किंवा जस्ताच्या पट्ट्या कितीही मळक्या असल्या तरी काढून फेकू नका, त्यांतल्या एकीवर गाडी सैन्याला दिल्याची तारीख असते. जुनं आरसी बुक, विम्याचे कागद, कराच्या पावत्या एका पिशवीत बांधून ठेवा. आणि ज्यांनी ती चालवली त्यांना आजच्या आज विचारा, कारण लोखंड आणखी वीस वर्षं थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत.