घरचा संगणक : गरज ओळखून निवड

बैलजोडी घ्यावयास निघालेला जाणता शेतकरी बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःच्या शेताचा विचार करतो. जमीन भारी की हलकी, काम नांगरटीचे की गाडीचे, घरी वैरण किती, हे त्याच्या मनात पक्के असते. म्हणून रंगविलेल्या शिंगांना तो भुलत नाही. घरासाठी संगणक घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाने हाच क्रम पाळावयास हवा. परंतु आपण बहुधा प्रथम दुकानात जातो आणि आपली गरज काय, हे तेथील विक्रेत्याकडून ऐकून घेतो.

प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ही चूक घडलेली आहे. काही वर्षांपूर्वी प्रोसेसरचे भारदस्त नाव ऐकून त्याने एक संगणक घेतला. त्याची मेमरी तोकडी होती व आत जुन्या पद्धतीची फिरती चकती होती. यंत्र चालू होईपर्यंत चहा उकळून गाळून होत असे. हा त्रास सोसता आला. परंतु एके दिवशी ती चकतीच बिघडली. चौथीच्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहिलेल्या गावच्या आठवणी तीन वर्षे टंकून तीत साठविल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. संगणकाला पडलेले पैसे कालांतराने विसरले गेले. ती पाने अद्यापि विसरता आलेली नाहीत. पुढील विवेचन या अनुभवातून आले आहे.

पहिले काम कागदावर करावयाचे आहे. घरात संगणकावर कोण कोण बसणार आणि काय करणार, याची यादी करावी. शिक्षकाच्या घरी साधारणतः चार प्रकारची कामे निघतात : पत्रव्यवहार, निकालपत्रके व यू-डायस प्लससारख्या संकेतस्थळांवर माहिती भरणे, दीक्षावरील पाठ पाहणे व स्वाध्यायपत्रिका तयार करणे, घरच्या मुलांचा अभ्यास, आणि चौथे, चलच्चित्रांचे संपादन किंवा भारी खेळ. पहिली तिन्ही कामे मध्यम प्रतीच्या संगणकावर उत्तम होतात. चौथ्यासाठी मात्र अधिक शक्तीचे यंत्र आणि पुष्कळदा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. ते काम यादीत नसेल, तर त्यासाठी पैसे मोडण्याचे प्रयोजन नाही.

आता यंत्राचे अंतरंग पाहू. प्रोसेसर म्हणजे काम करणारा कारकून, मेमरी म्हणजे त्याच्या पुढील मेज आणि साठवण म्हणजे मागील कपाट होय. कारकून कितीही चपळ असला तरी मेज लहान असेल, तर प्रत्येक कागदासाठी त्याला कपाटाकडे धावावे लागते. संगणक मंद होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. विंडोज ११ या प्रणालीसाठी ४ जीबी मेमरी व ६४ जीबी साठवण ही किमान मर्यादा सांगितलेली आहे. परंतु ती दारात प्रवेश मिळण्यापुरती समजावी. वर सांगितलेल्या कामांसाठी ८ जीबी मेमरी असावी, आणि यंत्र दीर्घकाळ वापरावयाचे असल्यास १६ जीबी घेणे हिताचे. कित्येक लॅपटॉपांत मेमरी मूळ पटलावरच जोडलेली असते व नंतर वाढविता येत नाही. यास्तव ती वाढविता येईल किंवा नाही, हे खरेदीपूर्वी विचारावे.

साठवण दोन प्रकारची असते. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते व तिच्यावरून वाचक-टोक सरकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे ती कित्येक पटींनी वेगवान असते आणि धक्क्याने बिघडण्याचा संभव कमी असतो. नव्या संगणकाची मुख्य साठवण एसएसडीच असावी. साध्या कामाला २५६ जीबी पुरतात. छायाचित्रे व चलच्चित्रे पुष्कळ असल्यास ५१२ जीबी बरी. काही अतिस्वस्त लॅपटॉपांत ईएमएमसी नावाची मंद व अल्प साठवण असते. तीपासून दूर राहावे.

प्रोसेसरच्या नावात ३, ५, ७ असे अंक येतात. ते एकाच पिढीतील पायऱ्या दर्शवितात. दहा वर्षांपूर्वीचा '५' हा आजच्या '३' पेक्षा सरस असेलच, असे मुळीच नाही. जुना संगणक घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते, आणि इंटेलच्या कोअर मालिकेतील आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, थोडे अपवाद वगळता, तीत बसत नाहीत. अशा जुन्या यंत्रावर उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली विनामूल्य घालता येते, आणि लेखनासाठी लिब्रेऑफिसही विनामूल्य मिळते. मात्र आपला प्रिंटर व आपल्या कामाची संकेतस्थळे तीवर चालतात, याची खात्री आधी करून घ्यावी.

टेबलावरचा संगणक घ्यावा की लॅपटॉप? टेबलावरच्या संगणकाचा पडदा मोठा, बैठक सोयीची आणि दुरुस्ती सुट्या भागांनी होणारी. तितक्याच शक्तीला तो बहुधा स्वस्तही पडतो. परंतु वीज गेली की तो तत्क्षणी बंद होतो. म्हणून त्याबरोबर यूपीएस हवाच. यूपीएस काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे देतो, रात्रभर दिवा नव्हे. लॅपटॉपात बॅटरी असल्याने ही अडचण येत नाही व तो शाळेतही नेता येतो. विजेचा हिशेब असा करावा : पडद्यासह १०० वॅट घेणारा संगणक रोज ४ तास चालविल्यास ३० दिवसांत १२ युनिटे होतात, ४० वॅटच्या लॅपटॉपला तेवढ्याच वापरात सुमारे ५ युनिटे लागतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावात लॅपटॉप बरा. वीज स्थिर असून घरातील तिघे-चौघे पाळीपाळीने बसणार असतील, तर टेबलावरचा बरा. दोहोंपैकी काहीही घेतले तरी भिंतीतील तीन पिनांच्या जोडणीला अर्थिंग आहे काय, हे तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे.

मराठी लेखनासाठी वेगळा संगणक लागत नाही. आजच्या प्रणालींत युनिकोड देवनागरी व १९८६ मध्ये प्रमाणित झालेला इनस्क्रिप्ट कळफलक अंतर्भूत असतो. जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की चिन्हांचा गोंधळ होतो. युनिकोडमध्ये तसे होत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे एका विशेष अर्थाने लागू पडते. हाती असलेली सर्व रक्कम यंत्रावरच खर्चू नये. तीतून काही भाग यूपीएससाठी आणि बाहेरून जोडावयाच्या एका डिस्कसाठी आधीच बाजूला काढावा. मोलाच्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत त्या डिस्कवर दर आठवड्यास करावी व डिस्क संगणकापासून वेगळी ठेवावी. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व पालकांचे क्रमांक ही आपणांकडे विश्वासाने आलेली ठेव आहे. म्हणून आपल्या कामाच्या खात्याला परवलीचा शब्द द्यावा आणि घरच्या मुलांसाठी निराळे खाते उघडावे.

खरेदीच्या वेळी यंत्राचा अनुक्रमांक असलेली जीएसटी पावती, हमीपत्र आणि विंडोज अधिकृत असल्याची खात्री करून घ्यावी. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहावे. दुरुस्तीकेंद्र तालुक्यास आहे की जिल्ह्यास, हेही विचारावे. कारण बिघाड झाल्यावर हेलपाटे आपणांसच घालावे लागतात. तक्रारीची दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

शिक्षकबंधु-भगिनींस शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या केंद्रातील ज्या सहकाऱ्याने अलीकडे संगणक घेतला असेल, त्याच्या घरी तासभर बसून तो स्वतः चालवून पाहावा. काय लाभले व काय चुकले, ते मोकळेपणाने विचारावे. मग आपली यादी घेऊन दुकानात जावे. विक्रेत्याने यादीबाहेरची वस्तू पुढे केली, तर 'हिच्यामुळे यातील कोणते काम होणार?' एवढेच शांतपणे विचारावे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच राहू द्यावेत.