ट्रूड प्रिट्झी: दोन देशांकडून खेळलेली टेबल टेनिस जगज्जेती

ट्रूड प्रिट्झी ही 1920 साली व्हिएन्नात जन्मलेली बचावात्मक खेळाची टेबल टेनिसपटू. 1937 मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन इथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिची गाठ अमेरिकेच्या रूथ आरोन्सशी पडली. दोघी चेंडू नुसता परतवत राहिल्या, ठरलेली वेळ संपली आणि विजेतेपद रिकामे ठेवले गेले. हा निर्णय दोघींवर अन्याय करणाराच होता. त्यांना संयुक्त विजेत्या मानायला 2001 साल उजाडले. असे कंटाळवाणे सामने टळावेत म्हणून नंतर जाळीची उंचीही कमी करण्यात आली.

1938 मध्ये लंडनला तिने एकेरीचे जगज्जेतेपद निर्विवादपणे जिंकले. त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्यामुळे 1939 च्या कैरो स्पर्धेत ती जर्मनीकडून उतरली. हिल्डे बुसमानच्या साथीने तिने दुहेरीचे सुवर्ण आणि महिला संघांसाठीचा कोर्बियाँ चषक जर्मनीला मिळवून दिला. एकेरीच्या अंतिम फेरीत मात्र व्लास्टा डेपेट्रिसोवाने तिला हरवले.

युद्धानंतर ती पुन्हा ऑस्ट्रियाकडून खेळू लागली. 1947 मध्ये पॅरिसला हंगेरीच्या गिझेला फार्कशबरोबर तिने दुहेरीचे जगज्जेतेपद पटकावले. 1968 मध्ये तिचे निधन झाले.