गालातला नील्स

आज एका पेशंटने विचारलं, "डॉक्टर, गालाच्या आत ही पुळी कसली?" पुळी नाही हो! वरच्या दुसऱ्या दाढेसमोरचा तो बारीक उंचवटा सगळ्यांनाच असतो. तिथे लाळेची नळी उघडते: स्टेन्सन डक्ट.

1660 साली मेंढीचं डोकं फाडताना ती सापडली नील्स स्टेन्सन या डॅनिश तरुणाला. पुढे गडी शार्कच्या दातांवरून थेट खडकांकडे वळला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे 1669 मध्ये त्यानेच मांडलं. शेवटी झाला बिशप!

नील्स हे डेन्मार्कचं जुनं, घरोघरचं नाव. नोबेलवालेच तीन: त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणारे फिन्सन (1903), अणूवाले बोर (1922), प्रतिकारशक्तीवाले येर्ने (1984).

माझा लाडका मात्र गालातलाच. लाळग्रंथींबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.