झांझिबारचे चार दिवस : सुट्टीला गेलो, हिशेब शिकून आलो

दुकानदाराची सुट्टी म्हणजे काय, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. लग्न, मय्यत किंवा आजारपण याखेरीज शटर खाली येत नाही. आम्ही दोघे भाऊ सागवानी फर्निचरचे दुकान चालवतो. मागेच छोटा कारखाना आहे. भाईजानचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी बजावले की काही दिवस दुकानाचे तोंड पाहू नका. घरी बसले असते तर त्यांनी फोनवरून दुकानच चालवले असते. म्हणून प्रकृती सावरल्यावर त्यांना घेऊन आम्ही चार दिवसांसाठी झांझिबार गाठले.

निघताना एक विषय दोघांच्याही मनात होता. आमच्या कारखान्यात हाताच्या नक्षीकामाचा एक विभाग आहे. एक वयस्क कारागीर तो सांभाळतात. त्यांचा मुलगा हा धंदा सोडून रिक्षा चालवतो. खातेवहीत हा विभाग तीन वर्षे तोट्यात. ईदनंतर तो बंद करावा असे भाईजानचे मत होते, आणि आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

आपले शब्द, परका बाजार

झांझिबार हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे, टांझानियातील बेट. दारेसलामहून वेगवान बोटीने सुमारे दोन तासांत पोहोचता येते. तेथील जुने शहर, ‘स्टोन टाऊन’, २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. प्रवाळाचा दगड, चुना आणि खारफुटीचे वासे यांनी बांधलेली घरे, माणूस आणि सायकल जेमतेम जाईल अशा गल्ल्या, आणि प्रत्येक वळणावर एखादी मशीद.

दाराजानी बाजारात शिरलो आणि कानांवर विश्वास बसेना. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’ म्हणतात. नफ्याला ‘फाइदा’, दलालाला ‘दलाली’, आणि बड्या व्यापाऱ्याला चक्क ‘बेपारी’. हुंडीला ‘हुंडी’च. काही शब्द अरबांनी नेले, काही आपल्या लोकांनी. शिडाची गलबते हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर कच्छ, मुंबई, मस्कतहून तिकडे जात आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परतत. एकेकाळी या बेटावर रुपयाच चाले.

मुंबईशी नाते तर फारच जवळचे. सुलतान बरगश याला भावाविरुद्धच्या बंडामुळे १८५९ साली मुंबईत हद्दपार करण्यात आले होते. १८७० मध्ये गादीवर बसल्यावर त्याने शहरात नळाचे पाणी आणले आणि १८८३ साली समुद्रासमोर ‘बैत-अल-अजाइब’, म्हणजे नवलाईचा वाडा, उभारला. पूर्व आफ्रिकेत विजेचे दिवे प्रथम लागलेल्या इमारतींत त्याची गणना होते. डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती चालू असतानाच त्याचा मोठा भाग कोसळला. त्या वाड्यासमोर उभे असताना भाईजान एवढेच म्हणाले, “देखभाल वेळेवर नाही झाली, तर वाडा काय आणि दुकान काय.”

लवंगेचा धडा

दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या बागा पाहिल्या. लवंग म्हणजे न उमललेली कळी. फांदीवरून हाताने खुडायची, देठ वेगळा करायचा आणि चटईवर उन्हात वाळवायची. चांगल्या लवंगेची पारख तेथील शेतकऱ्याने दाखवली. नखाने दाबली की तेल दिसले पाहिजे. पाण्यात टाकली की ती बुडते किंवा उभी तरंगते. आडवी तरंगली तर तेल निघून गेले असे समजावे. आमच्या किराणा व्यापारी बांधवांनी ही परीक्षा जरूर करून पाहावी.

लवंगेचे झाड मूळचे इंडोनेशियाच्या मलुकू बेटांतले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते झांझिबारला आले आणि काही दशकांतच जगातील बहुतेक लवंग झांझिबार आणि शेजारच्या पेम्बा बेटावरून जाऊ लागली. १८७२ च्या चक्रीवादळाने झांझिबारच्या बागा झोपवल्या, तरी पेम्बाने धंदा सावरला. १९३७ साली तेथील वसाहती सरकारने लवंगेच्या निर्यातीचा मक्ता एकाच संस्थेकडे दिला. तेव्हा तेथील हिंदी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, हिंदुस्थानात काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि १९३८ साली सरकारला तडजोड करावी लागली. एकजुटीने काय होते, याचे हे उदाहरण.

पुढे मात्र सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरले इंडोनेशिया; तिथल्या सिगारेटींत लवंग लागते. इंडोनेशियाने स्वतःच्या बागा वाढवल्या आणि १९८० च्या दशकात झांझिबारचा भाव पडला. एक माल आणि एक गिऱ्हाईक यांवर ज्याचा संसार चालतो, त्याची झोप दुसऱ्याच्या हातात असते.

हिशेबाची दुसरी बाजू

या बेटावरील आपल्या लोकांच्या वैभवाच्या गोष्टी सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. कच्छी भाटिया जयराम शिवजी यांच्या पेढीकडे अनेक वर्षे जकातीचा मक्ता होता. पोरवयात बेटावर आलेले कच्छी खोजा थारिया टोपन पुढे सुलतानाचे सल्लागार झाले. त्यांनी १८८७ मध्ये पायाभरणी केलेली, लाकडी नक्षीच्या सज्जांची इमारत आजही बंदरासमोर उभी आहे.

पण अँग्लिकन चर्चजवळ गेलो आणि मान खाली गेली. येथे गुलामांचा बाजार भरत असे. १८७३ साली तो बंद झाला. आज तेथे एका खड्ड्यात गळ्यात साखळदंड अडकवलेल्या पाच माणसांच्या मूर्ती आहेत. लवंगेच्या बागा गुलामांच्या कष्टावर उभ्या राहिल्या. त्या बागांना आणि हस्तिदंतासाठी आत जाणाऱ्या काफिल्यांना कर्ज देणाऱ्यांत आपले हिंदू व्यापारी होते आणि मुसलमानही होते. गुलाम बाळगणाऱ्यांतही आपले लोक होते. १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील रिग्बी याने त्यांच्याकडील हजारो गुलाम मुक्त करविले. वहीत नफा दिसला म्हणजे तो हलाल झाला असे नाही. तो कोणाच्या घामातून आला, हे खाते व्यापाऱ्याने स्वतःच तपासायचे असते. भाईजान तेथे बराच वेळ उभे होते. परतताना त्यांनी विचारले, “आपल्या त्या चाचांची मजुरी आपण शेवटची केव्हा वाढवली?” आम्हाला आठवेना.

दारे आणि कारागीर

झांझिबारची खरी शान म्हणजे कोरीव दारे. अरबी पद्धतीच्या दाराची चौकट वर सरळ असते, तर हिंदी प्रभावाच्या दारावर कमान येते. कमळ, मासा, खजुराचे झाड, साखळी अशी नक्षी, कुठे वरच्या पट्टीवर कुरआनची आयत. काही दारांवर पितळेचे टोकदार खिळे आहेत. ही चाल हिंदुस्थानातील, हत्तीची धडक रोखण्यासाठी, असे तेथे सांगतात. बेटावर हत्ती नाही, पण शोभा राहिली.

एका गल्लीत अशी दारे घडवणारे वृद्ध कारागीर भेटले. तेथे वडीलधाऱ्यांना ‘म्झे’ म्हणतात. सोबतच्या तरुणाने दुभाष्याचे काम केले. आम्ही विचारले, यंत्राने कोरलेले दार स्वस्त पडते, मग तुमचे कोण घेतो? ते म्हणाले, “पूर्ण दार वर्षात थोडेच जातात. म्हणून मी पेटी, आरशाची चौकट, छोटा पाट करतो. त्यावर घर चालते आणि पोरांचा हात बसतो. दार करायची वेळ आली की हात तयार असतो.” त्यांच्याकडे दोन मुले शिकत होती. दोघांनाही पहिल्या महिन्यापासून थोडे का होईना, पैसे मिळत होते.

आम्ही एक पेटी घेतली. भाव करण्याची सवय असूनही भाईजाननी त्या दिवशी भाव केला नाही.

परत आल्यावर वही पुन्हा उघडली. नक्षीकामाचा तोटा खरा होता, पण पलंग व कपाटावर चाचांचे काम लागत होते आणि त्याची किंमत आम्ही गिऱ्हाईकाकडून वेगळी घेतच नव्हतो. कारागीर तोट्यात नव्हता, आमचा हिशेब चुकला होता. आता बिलावर नक्षीची ओळ वेगळी असते, चाचांची मजुरी वाढली आहे आणि दोन मुले पगारावर शिकत आहेत. हे सारे टिकेल की नाही, ते वर्षभराने कळेल. विभाग मात्र बंद केलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी : मार्च ते मे हे जोराच्या पावसाचे महिने; ते टाळावेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तेथील सरकारी विमा सक्तीचा झाला आहे. व्हिसा, लसीकरण आणि विम्याचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. लवंग मोठ्या प्रमाणात आणायचा विचार असेल तर तो सरकारी मक्त्याचा माल आहे, हे लक्षात ठेवावे. आणि दुकानाचा फोन शक्यतो भावाच्या हाती देऊ नये.