खाटेजवळची शाळा

वरणगाव-भुसावळकडची मुलगी नर्सिंगला जायची म्हटली की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो आणि दुसरा, ‘तिथं शिकवतात, की नुसतं राबवून घेतात?’ दुसरा प्रश्न वरवर भाबडा वाटतो. पण परिचर्या शिक्षणाचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. तिथे शिकाऊ मुली वॉर्डात काम करीत आणि वॉर्डाची सिस्टर त्यांना काम करता करता शिकवी. आपल्याकडेही तीच पद्धत आली. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी उभ्या केलेल्या सेवासदनाने परिचर्या शिकायला मुली पाठवल्या त्या ससून रुग्णालयात. त्यांत विधवाही होत्या. त्या काळी परक्याच्या आजारपणात हात घालणे कुलीन घरांना कमीपणाचे वाटे, म्हणून हे पाऊल मोठे होते. या पद्धतीत गुरू सतत जवळ असे. पण रुग्णालयाला मनुष्यबळ हवे असे आणि शिकणारीचे हात त्यात धरले जात.

स्वातंत्र्याच्या सुमारास चित्र पालटू लागले. 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. शिकणारी आता कामगार नव्हे, विद्यार्थिनी ठरली. हे योग्यच झाले. मात्र त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. पाठ्यनिर्देशिका कॉलेजची, तर परिसेविका आणि अधिपरिचारिका रुग्णालयाच्या. वॉर्डात विद्यार्थिनी नेमकी कोणाची? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असे परिषदेचे प्रमाण आहे. पण तो शिक्षक हजेरी घेऊन वर्गाकडे परतला, तर प्रमाण कागदावर राहते आणि मुलगी दिवसभर बीपी लिहीत, सलाईनच्या बाटल्या बदलत फिरते.

शिक्षक खाटेजवळच का हवा, हे एका उदाहरणावरून समजेल. बाळंतपणात वार पडल्यानंतर गर्भाशय आकसते आणि पोटावरून हाताला कडक गोळ्यासारखे लागते. ते मऊ, सैल लागले तर आतल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि रक्त वाहू लागते. 500 मिलिलिटरहून अधिक रक्त गेले की तो अतिरक्तस्राव. बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे 10 युनिट स्नायूत द्यायचे, हे पुस्तकात पाठ होते. पण ‘कडक’ म्हणजे किती आणि ‘सैल’ म्हणजे किती, हे पुस्तक सांगू शकत नाही. बाईंनी विद्यार्थिनीचा हात धरून पोटावर ठेवावा, ‘हे बघ, हे कडक’ म्हणावे, तेव्हाच ते हाताला कळते. हीच मुलगी पुढे एएनएम होऊन चोपडा-यावलकडच्या सातपुड्यातल्या उपकेंद्रात जाते. डोंगरी भागात 3,000 लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथे रात्री विचारायला जवळ कोणी नसते. वॉर्डात हाताला जे कळले, तेवढेच तिच्यापाशी असते.

खाटेजवळचे चांगले शिक्षण खर्चिक नाही. ड्युटीच्या आधी दहा मिनिटे: आज कोणता रुग्ण, त्याला काय झाले, काय काय बघायचे. ड्युटीत शिक्षिका आधी स्वतः करून दाखवते, मग विद्यार्थिनी तिच्या नजरेखाली करते. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी मोठ्याने म्हणून घेते. ड्युटीनंतर पुन्हा दहा मिनिटे: काय दिसले, काय चुकले. चूक रुग्णादेखत काढायची नाही. मात्र इजा होणार असेल तर हात तिथेच थांबवायचा.

दोन गोष्टी बहुधा राहून जातात. पहिली रुग्णाची संमती. ‘ही शिकाऊ आहे, मी जवळ उभी आहे, चालेल का?’ असे विचारले तर बहुतेक रुग्ण हो म्हणतात. नाही म्हणणाऱ्याचा तो हक्क आहे. दुसरी बोली. अमळनेर-धुळ्याकडची बाई ‘पोट दुखी ऱ्हायनं’ म्हणेल, सातपुड्यातली पावरीत सांगेल. केसबुकात मात्र छापील शब्द उतरतात. रुग्णाचे शब्द आधी जसेच्या तसे ऐकणे हाही परिचर्येचा धडाच आहे.

आज प्रत्यक्षात बरेचसे शिकवते ती ड्युटीवरची अधिपरिचारिका, तीही स्वतःचे तीस-चाळीस रुग्ण सांभाळून. तिच्या कामाच्या नोंदीत या शिकवण्याला जागा नसते. तिला त्यासाठी ठरावीक वेळ आणि मान दिला, पाठ्यनिर्देशिकेने आठवड्यातले काही दिवस तिच्या बरोबरीने रुग्णसेवा केली, तर वॉर्ड आणि कॉलेज यांतले अंतर पुष्कळ कमी होईल.

तोवर प्रवेश घेताना पालकांनी इमारत आणि बस पाहण्याआधी एवढे विचारावे: वॉर्डात मुलींजवळ कोण उभे असते, आणि किती वेळ?