कापसाची वात

जव्हार तालुक्यातली एक आश्रमशाळा. आरोग्य पथकाची गाडी आवारात उभी आहे आणि मुलगे शर्ट काढून रांगेत थांबलेत. मुलींची तपासणी आतल्या वर्गात, नर्सबाईंकडे चालू आहे. डॉक्टर मॅडमनी टेबल पडवीच्या अगदी कडेला ओढून घेतलंय, कारण फिकट डाग ट्यूबलाइटखाली नीट दिसत नाहीत. त्यांना दिवसाचा उजेड लागतो.

पहिली पाचसहा मुलं खरजेची. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, खाजवून धरलेल्या खपल्या. "रात्री जास्त खाजतं ना?" माना हलतात. मॅडम अधीक्षकांकडे वळतात, "सर, एकेकाला औषध देऊन भागणार नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत. सकाळी आंघोळ, आणि चादरी-कपडे गरम पाण्यातून काढायचे."

एका मोठ्या मुलाच्या कमरेला नायटा आहे, पण त्याची कड पुसट झालीय. दुकानातून आणलेली ट्यूब तो चड्डीच्या खिशातून काढून दाखवतो. तिच्यात स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून घरोघरी हेच मलम चालतं, आणि बुरशी मात्र पसरत राहते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय हातावर ठेवली जातात, याचा मला मनापासून राग येतो.

धाकट्यांच्या गालांवर पांढुरके, जरा खरखरीत डाग. "जंत असतील," एक शिक्षक म्हणतात. आपल्याकडे सगळे हेच म्हणतात. जंतांशी त्यांचा संबंध नाही, मॅडम सांगतात. खोबरेल लावा, हळूहळू जातील.

मग चौथीतला एक मुलगा पुढे येतो. डाव्या दंडावर रुपयाहून मोठा फिकट चट्टा. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून त्याने तो कुणाला दाखवलेला नाही. मॅडम त्यावर बोट फिरवतात. कोरडा आहे, वरची लवही गेलीय. त्या कापसाची बारीक वात वळतात. आधी त्याच्या डोळ्यांदेखत हाताला टेकवतात. "असं लागलं की तिथं बोट ठेवायचं. आता डोळे मीट, बाळा."

वात उजव्या दंडाला लागते, बोट बरोबर तिथे येतं. मनगटाला लागते, बोट येतं. चट्ट्याच्या मधोमध लागते. मुलगा डोळे मिटून वाट बघतोय. मॅडम पुन्हा टेकवतात. तो वाटच बघतोय.

कोपराच्या आतल्या बाजूची नस त्या दोन्ही हातांना चाचपून बघतात. सुजलेली नाही. बोटं फाकवायला लावतात, मूठ आवळायला लावतात. ताकद पूर्ण आहे. म्हणजे वेळेत सापडलाय. कुष्ठरोगाचा संशय, असं त्या नोंदवहीत लिहितात. पक्कं निदान रुग्णालयात होईल. चट्टे पाचापर्यंत असले तर उपचार ६ महिन्यांचा, त्याहून जास्त असले तर १२ महिन्यांचा, आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

"त्याला वेगळं झोपवू का?" अधीक्षक हळू आवाजात विचारतात.

"अजिबात नाही. तोच वर्ग, तीच खोली. शिवल्याने होत नाही हा आजार. आणि गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही."

देशपातळीवर कुष्ठरोग दूरीकरणाचं उद्दिष्ट २००५ मध्येच गाठलं गेलं, तरी हा मुलगा आज माझ्यासमोर बसलाय. लहान मुलाच्या अंगावर असा चट्टा निघाला, तर बहुतेकदा जवळचं कुणी मोठं माणूस उपचारांविना राहिलेलं असतं. म्हणून मॅडमचा पुढचा प्रश्न घराबद्दलचा आहे. "घरी कुणाला असे डाग आहेत का रे?"

मुलगा शर्टाची बटणं लावता लावता विचार करतो. "डाग नाय माहीत. पण आजी नागलीच्या भाकरी भाजते ना, तेव्हा तिला चटका बसतो न् तिला कळतच नाय. मग फोड येतो."

मॅडम पेन खाली ठेवतात. कोणता पाडा, किती आत, गाडी कुठवर जाते, हे त्याला विचारून घेतात आणि लगेच त्या पाड्याच्या आशाताईंना फोन लावतात. "आजींना घरीच थांबायला सांगा. इथलं आटपलं की आम्ही थेट तिकडेच येतोय."