पेटवताय काय? थांबा, तो पैसा आहे!

कापसाची शेवटची वेचणी झाली की गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावसारख्या गावांच्या शिवारात नुसती पऱ्हाटी उभी राहते. थोडी चुलीला, थोडी कुंपणाला, आणि बाकीची? काडी लावून मोकळं! हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते आणि तिची घडण थेट लाकडासारखी असते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणाऱ्या ‘सिरकॉट’ संस्थेनं तिच्यापासून पार्टिकल बोर्ड बनवून दाखवलंय. म्हणजे बांधावर जळतंय ते उद्याचं कपाट! शिवाय पऱ्हाटी वेळेत रानाबाहेर गेली की गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही उठतो.

सरकीची गंमत तर आणखी पुढची. तेल निघतं, पेंड म्हशीपुढं जाते. पण सरकीला चिकटून राहिलेली बारीक लव, म्हणजे लिंटर, तिच्यापासून नायट्रोसेल्युलोज बनतं. ते नेलपॉलिशमध्येही असतं आणि तोफेच्या दारूतही! खिशातली नोट? तिचा कागदही शंभर टक्के कापसाचा.

आता ऊस. १ टन ऊस गाळला की पाऊण-एक पोतं नव्हे, तब्बल २८० ते ३०० किलो ओलं बगॅस उरतं. त्यावर कारखान्याचा बॉयलर चालतो, वीज होते, कागद होतो, लग्नातल्या पत्रावळीही होतात. पाचटाच्या नशिबी मात्र अजूनही आगपेटीच. हेक्टरी ८ ते १० टन पाचट! पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, ते लोखंडी पिंपांत कोंडून त्याचा कोळसा केला, कांड्या पाडल्या. शे-दीडशे ग्रॅम कांडी कोळशावर ‘सराई’ कुकरमध्ये चार-पाच माणसांचं वरण, भात, भाजी शिजते, तीही धुराशिवाय. या कामाला २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचटाला!

सोयाबीनचं भुसकट वाऱ्यावर उडू देऊ नका. गरम पाण्यात निर्जंतुक करून, ढिंगरी अळिंबीचं बी मिसळून पिशव्या टांगल्या की तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी. १ किलो कोरड्या भुसकटावर साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी येते. उरलेला चोथा परत खताला.

आणि खत म्हटलं की पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांना, नाडेपकाकांना, विसरून कसं चालेल? १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं जाळीदार विटांचं टाकं. त्यात सुमारे १४०० किलो काडीकचरा, शेण फक्त १०० किलोच्या आत-बाहेर, चाळलेली माती आणि पाणी. वरून लिंपलं की तीन-चार महिन्यांत जवळपास ३ टन खत. दावणीला एकच गाय असलेल्या घरालाही जमेल असा हा हिशेब आहे, आणि मला तरी या सगळ्या यादीत तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

बाजारही आता काडीकचऱ्याकडं वळलाय. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैविक पेलेट्स मिसळायला सांगितलं. गंगाखेडच्या शेजारी परळीचं वीज केंद्र आहेच, म्हणून या बातमीवर आपल्याकडच्या शेतकऱ्यानं लक्ष ठेवावं. पण सगळंच विकून टाकू नका. पाचटात साधारण ०.५ टक्के नत्र, १ टक्क्यापर्यंत पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. ऊस तुटल्यावर सरीत पाचटाची कुट्टी पसरून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकले की खोडव्याला जागच्या जागी खत मिळतं, ओलही टिकते.

तेव्हा यंदा आगपेटी काढण्याआधी एक करा: गावच्या कृषी सहायकाला गाठून कुट्टी यंत्र कुठं मिळेल, त्याला अनुदान आहे का, एवढं विचारून घ्या.